अन्सारभाईंचा दाभण

अन्सारभाई गादीवाले यांच्याइतका घाबरट माणूस अख्ख्या इंदिरानगरात सापडायचा नाही. हे मी त्यांच्या पाठीमागे सांगते असं समजू नका. तोंडावरही सांगते, आणि ते मान डोलावून "बरोबर आहे ताई" म्हणतात. वडाळ्याच्या बाजूला आमची कॉलनी संपते तिथे त्यांची पत्र्याची शेड आहे, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला जवळपास चिकटलेली. त्यांच्या घरात काय शिजतंय, कोण कोणावर चिडलंय, हे मला मुद्दाम विचारावं लागत नाही. उलट कधी दोन दिवस काही ऐकू आलं नाही तर मीच विचारते, "काय हो, आज भांडण नाही वाटतं?"

मीटर बघायला माणूस आला की अन्सारभाई कापूस पिंजायचं मशीन बंद करून हात बांधून उभे राहतात. बिल भरलेलं असतं, मीटर नवा असतो, तरी चेहरा असा की आता बेड्याच पडणार. गल्लीतल्या काळ्या कुत्रीला ते 'आपा', म्हणजे मोठी बहीण, म्हणतात, तिला राग येऊ नये म्हणून. लशीच्या रांगेत तर नर्सने सुई काढायच्या आधीच माझ्या अंगावर कोसळले होते. आणि हा माणूस पोटासाठी करतो काय? वीतभर लांबीचा दाभण, म्हणजे ती जाड सुई, घेऊन दिवसभर गाद्यांना टाके घालतो. त्यांच्या मिसेस, जहिदाभाभी, म्हणतात, "यांना सुईची भीती नाही. सुई दुसऱ्याच्या हातात असली की भीती."

अशा माणसाचा एकुलता एक मुलगा तुरुंगात गेला.

अबरार त्याचं नाव. आधी वडिलांच्या हाताखाली गाद्या भरायचा. कापसाचा गठ्ठा उचलताना एकदा पाठीत कट्‌कन आवाज झाला, मणका सरकला, डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली. म्हणून दुसऱ्याचा टेम्पो चालवायला लागला. शेजारच्या जिल्ह्यात नाक्यावर टेम्पो अडवला, तर मागे पोत्यांखाली तांब्याची तार निघाली, चोरीची. माल भरणारे पळाले, चालवणारा सापडला. खरं काय नि खोटं काय ते कोर्ट ठरवेल, माझा काही तो अधिकार नाही. पण पोलिसांनी हात दाखवला म्हणून ज्याने टेम्पो अदबीने बाजूला घेतला आणि उतरून नमस्कार केला, तो नक्की अन्सारभाईंचाच मुलगा, एवढं मी छातीठोक सांगते.

खटला तिकडचा, म्हणून जेलही तिकडचं. गावाचं नाव लिहीत नाही. जायला-यायला एसटीने अख्खा दिवस जातो, एवढं पुरे.

पहिली मुलाखत झाली, मुलाखत म्हणजे काचेच्या अलीकडे-पलीकडे फोन धरून बोलायचं ती, तेव्हा अन्सारभाई परत येऊन शेडच्या पायरीवर बसले ते उठेचनात. मी चहा घेऊन गेले.

"काय म्हणाला अबरार?"

"त्याने विचारलं, अब्बा, जेवलात? मी म्हटलं, हो. मी विचारलं, तू जेवलास? तो म्हणाला, हो."

"दोघंही खोटं बोललात तर. पुढे?"

"पुढे काही नाही ताई. तो सारखा या पायावरून त्या पायावर होत होता. पाठ दुखतेय त्याची. विचारलं तर म्हणतो, नाही."

हळूहळू कळत गेलं. आत खोली लहान, माणसं फार. रात्री एकमेकांना चिकटून, एका कुशीवर झोपायचं. एकाला कूस बदलायची झाली तर ओळीतल्या सगळ्यांनी बदलायची. खाली फरशी, तिच्यावर सतरंजीची एक पातळ पट्टी. आमच्या अर्ध्या कॉलनीला गादीवर झोपवणाऱ्या माणसाचा मुलगा फरशीवर, तोही सरकलेल्या मणक्याचा. अन्सारभाईंनी स्वतःची गादी गुंडाळून ठेवली आणि तेही फरशीवर झोपायला लागले. भाभी कडाडल्या, "अबरारचे अब्बा, तुमची पाठ मोडल्याने त्याची दुखायची थांबणार आहे का? उद्या तुम्हाला पण मलाच चोळून द्यावं लागेल!" मी खिडकीतून "बरोबर आहे भाभी" म्हटलं, आणि खिडकी लावून घेतली, कारण अन्सारभाई रडत होते.

सरकारकडून फुकट वकील मिळतो, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. मिळाली ती शुभांगी नावाची पोरगी, जेल आहे त्याच गावची. स्कूटीवर फिरते, डोळ्यांत डोळे घालून बोलते. तिला पहिल्यांदा भेटलो तेव्हा अन्सारभाई म्हणाले, "वकीलताई, पाठीचं राहू द्या. आपण मागितलं आणि साहेब लोक चिडले तर आत त्याला त्रास होईल."

"काका," ती म्हणाली, "त्याच्यावर अजून नुसता आरोप आहे. आणि ज्यांना शिक्षा झालीय त्यांनाही पाठ असतेच की. मागायचं ते कोर्टासमोर मागायचं, चोरून नाही. ते मागणं आहे, भीक नाही."

तिने डॉक्टरांचे कागद लावून अर्ज केला, आणि न्यायाधीश मॅडमनी परवानगी दिली: घरून एक कापसाची गादी द्यावी, पातळ, बिनचेनची, तपासून आत घ्यावी.

झालं! अन्सारभाईंच्या अंगात आलं. नवीन कापूस, तीनदा पिंजलेला. नवी खोळ, पट्ट्यापट्ट्यांची. टाके इतके जवळ की मुंगीला वाट मिळायची नाही. मी खिडकीत भाजी निवडत होते. म्हटलं, "अन्सारभाई, माझ्या गादीला का नाही घातले एवढे टाके? वर्षात गोळे झाले तिचे."

त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "तुमची गादी बिघडली की तुम्ही खिडकीतून ओरडता ताई. त्याला कोण ओरडू देणार?"

मी गपचूप भाजी निवडली.

गुरुवारी सकाळी गादी तयार झाली आणि बसची वेळही. भाभी आतून ओरडत होत्या, अन्सारभाईंनी शेवटचा टाका ओढून गाठ मारली, गादी गुंडाळली, दोरीने आवळली, डोक्यावर घेतली आणि निघाले. संध्याकाळी परत आले तेव्हा चेहरा उजळलेला. जेलच्या दारावर शिपायाने गादी वाकवून, दाबून, उलटीपालटी करून बघितली म्हणे. धातू तपासायचं मशीन कुठेतरी चार्जिंगला लावलेलं होतं. "तो मला म्हणाला, चाचा, मस्त भरलीय, आमच्यासाठी पण एक आणा. आणि ताई, मी हसलो!" खाकी कपड्यासमोर अन्सारभाई हसले ही आमच्या गल्लीत बातमीच होती. मी ती चार घरी पोचवली.

शुक्रवारी सकाळी मी कुकर लावत होते, तर शेडमधून हाक आली. "ताई." मोठ्याने नाही. विहिरीत पडलेल्या माणसासारखी.

गेले. एका लग्नाची गादी समोर पसरलेली. अन्सारभाई तिच्या कडेवर हात ठेवून बसलेले आणि तोंडाला रंगच नाही.

"दाभण नाहीये."

"मग शोधा की. त्यात एवढं काय?"

"दुसरीकडे नसतोच तो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. सुतार पेन्सिल कानावर खोचतो तसं अन्सारभाई काम झालं की दाभण त्याच गादीच्या काठात आरपार सरकवून ठेवतात. काठ म्हणजे गादीची ती जाड वळलेली किनार. आत घट्ट कापूस, त्यामुळे दाभण सुरक्षित राहतो, पायात जात नाही. गिऱ्हाईक गादी न्यायला आलं की तो ओढून घ्यायचा. त्यांच्या वडिलांपासूनची सवय. वर्षानुवर्षं हात आपोआप करतो, डोक्याला विचारत नाही. आणि गुरुवारी गिऱ्हाईक आलंच नव्हतं. गादी घेऊन गिऱ्हाईकाकडे हेच गेले होते.

मी हसायला तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं.

वीतभर लांब, टोकदार लोखंड. तुरुंगाच्या आत. अबरारच्या गादीत.

भाभी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. बाहेर ती काळी कुत्री कशावर तरी गुरगुरत होती.

"कापसात आहे, कापसात राहील," शेवटी मीच म्हणाले. "गप्प बसा. कोणाला कळणार आहे? सुटून आला की काढून घ्या." खोटं कशाला सांगू, मला तोच सल्ला शहाणपणाचा वाटला.

"झोपेत त्याच्या पाठीत घुसला तर?" भाभी म्हणाल्या.

"त्यांना तपासणीत सापडला तर?" अन्सारभाई म्हणाले. "म्हणतील हत्यार मागवलं. बापाने गादीतून पाठवलं. त्याला बडवतील ताई. हाडं राहणार नाहीत. वर नवीन केस."

"आणि आतल्या कोणाच्या हाताला लागला तर?" भाभींचा आवाज अगदी बारीक झाला. "तिथे भांडणं होतात, तो सांगत होता ना? कोणाच्या तरी पोटात..."

"बस," अन्सारभाई म्हणाले. "बस, बस."

मी शुभांगीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, सोमवारी अबरारची तारीख आहे. मी न्यायाधीश मॅडमसमोर सांगते. सगळ्यांच्या देखत दाभण बाहेर निघेल, मग मुलावर हात टाकताना कोणीही दहा वेळा विचार करेल. आज जेलच्या दारात जाऊन सांगितलंत तर कोर्टाच्या आधी मुलगा त्यांच्या हातात सापडेल. मला अबरारची काळजी आहे."

"सोमवारपर्यंत दाभण आतच?" अन्सारभाईंनी विचारलं.

"हो."

"म्हणजे आज रात्री, उद्या रात्री, परवा रात्री."

"काका, मुलगा वाचवायचा असेल तर..."

अन्सारभाईंनी फोनकडे पाहिलं, जणू तो चावणार आहे. म्हणाले, "वकीलताई, त्या खोलीत खूप पोरं झोपतात. एकमेकांना चिकटून. सगळ्यांना आईबाप आहेत. माझ्या हाताची वस्तू आहे ती. मी आज येतो."

शुभांगी म्हणाली, "मग मी दारावर उभी राहते. माझ्याशिवाय आत एक शब्द बोलायचा नाही. आणि तुम्ही येईपर्यंत मी अर्ज लिहून कोर्टात देते, म्हणजे तुम्ही आपणहून आलात हे त्यांना आधीच कळलेलं असेल."

आणि आमचे शूर वीर निघाले! पिशवीत काय भरलं होतं माहितीय? लुंगी, साबण, टॉवेल, रक्तदाबाच्या गोळ्या. स्वतःला अटक होणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. भाभींना म्हणाले, "तू येऊ नको. दोघं आत गेलो तर बाहेर कोण?" म्हणून सोबतीला मी. बसमध्ये त्यांचा गुडघा इतका हलत होता की पुढच्या सीटवरच्या माणसाने दोनदा वळून बघितलं. मी म्हटलं, "अहो, एवढा हलवताय तर एसटीला डिझेल लागणार नाही." ते हसले नाहीत.

जेलच्या दारावर शुभांगी स्कूटीला टेकून उभी होती. ते दोघं ऑफिसात गेले. मला आत सोडलं नाही, शेजारणीचं आत काय काम? पण खिडकी उघडी होती, आणि खिडकीतून ऐकायचा मला उभ्या आयुष्याचा सराव.

अधिकाऱ्याचा आवाज आला, "बोला."

मग काहीच नाही. मला वाटलं, पडले बहुतेक. मग अन्सारभाईंचा आवाज, फाटक्या कापडासारखा. "साहेब, काल मी गादी दिली. अबरारची. त्यात माझा दाभण राहिला. काठात. डाव्या हाताच्या कोपऱ्यापाशी."

खुर्ची सरकल्याचा आवाज. "काय राहिला?"

"गादी शिवायची सुई साहेब. मोठी. मी सवयीने खोचली. मुलाला माहीत नाही. माझी चूक आहे, मला पकडा."

"कळतंय का तुम्हाला, काय आत पाठवलंय ते? एकाचा मुडदा पडला असता!"

"कळतंय साहेब. म्हणून तर आलो."

"साहेब," शुभांगीचा आवाज, "हे आपणहून आलेत. तसा अर्ज सकाळीच कोर्टात दिलाय, ही प्रत. झडती अवश्य घ्या. पण मुलाला कोणी हात लावू नये, एवढी जबाबदारी तुमची."

"मॅडम, आमचं काम आम्हाला शिकवू नका."

मग शिट्टी वाजली. मग आणखी एक. आत कुठेतरी धावणारे बूट, लोखंडी दार उघडल्याचा, आपटल्याचा आवाज, कोणीतरी ओरडून आकडे मोजत होतं. अन्सारभाई बाहेर आले आणि भिंतीला धरून खाली बसले. प्रत्येक आवाजाला त्यांचे खांदे कानांकडे जात होते. एकदा आतून कोणीतरी ओरडलं. रागाने, की दुखलं म्हणून, कळायला मार्ग नाही. शब्द नव्हताच तो.

"तो आहे का?" अन्सारभाईंनी मला विचारलं.

"नाही," मी म्हणाले. मला काय ठाऊक होतं?

"नक्की?"

"आवाज जाड होता." हेही मी तिथल्या तिथे बनवलं.

ऊन भिंतीवरून वर सरकलं तेव्हा एक शिपाई बाहेर आला. कालचा नव्हे, दुसरा. "सापडला," म्हणाला.

"मुलगा?" अन्सारभाई उठायचा प्रयत्न करत होते.

"आहे."

"कसा आहे?"

"आहे म्हटलं ना."

शुभांगीने गादीचं विचारलं. जप्त. मुलाखतीचं विचारलं. पुढचा आदेश येईपर्यंत बंद. अन्सारभाईंना कोणी पकडलं नाही. जबाब घेतला, सही घेतली आणि "जा" म्हणाले. लुंगी-साबणाची पिशवी घेऊन ते तिथेच उभे. मला वाटतं, पकडलं असतं तर त्यांना जरा बरं वाटलं असतं. निदान एका भिंतीच्या आत तरी असते दोघं.

शनिवार-रविवार कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. शेड बंद होती. मशीनचा आवाज नाही, भांडण नाही. मी रविवारी सकाळी पोहे घेऊन गेले, तर अन्सारभाई लग्नाच्या त्या अर्धवट गादीसमोर बसलेले.

"ताई, 'आहे' म्हणजे काय असतं?"

"म्हणजे बरा आहे."

"बरा आहे असं का नाही म्हणाला मग?"

"शिपाई लोकांची बोलायची पद्धत असते हो तशी."

"मी त्याला मार खायला लावलं," ते म्हणाले. "वकीलताई थांबा म्हणाली होती. सोमवारपर्यंत थांबलो असतो तर?" मग स्वतःच मान हलवली. "नाही. थांबता आलं नसतं." आणि थोड्या वेळाने पुन्हा, "थांबलो असतो तर?" असं त्यांचं दिवसभर चालू होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाकडे जाऊन गप्प बसून परत आले. भाभींनी पोह्यांची ताटली तशीच परत दिली.

सोमवारी आम्ही तिघंही कोर्टात होतो. अबरारला तिथे आणलं नव्हतं. भिंतीवरच्या पडद्यावर जेलमधून दाखवणार होते. पडदा निळा झाला, काळा झाला, मग एक रिकामी खुर्ची दिसली. भाभींनी माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. मग अबरार येऊन बसला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. पण मार खाऊन सुजलेत की झोप नाही म्हणून, ते त्या धुरकट चित्रात कसं कळावं? अन्सारभाई पुढे झुकून बघत होते, जणू पडद्यात शिरणार आहेत.

न्यायाधीश मॅडम पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी अर्ज वाचला. म्हणाल्या, "अबरार, गादीत सुई आहे हे तुला माहीत होतं?"

अबरारने खाली बघितलं. "हो मॅडम."

कोर्टात एकदम कुजबुज. सरकारी वकिलाने मान वर केली. शुभांगी ताठ झाली. हे तिलाही माहीत नव्हतं.

"कधी कळलं?"

"पहिल्याच रात्री. अब्बा काठात दाभण ठेवतात, मला लहानपणापासून माहितीय. मी आडवा झालो आणि हात फिरवून बघितला, तर होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"भीती वाटली मॅडम. सांगितलं तर म्हणतील मीच मागवला. नाही सांगितलं तर शेजारचा काढून घेईल. म्हणून मी त्या काठावर पाठ टाकून पडून राहिलो. झोपलो नाही. दुसऱ्या दिवशी झडतीला आले तेव्हा मीच काढून दिला."

अन्सारभाईंच्या तोंडातून एक बारीक आवाज निघाला. पाठीसाठी पाठवलेल्या गादीवर पोरगा रात्रभर दाभणावर पाठ टाकून जागा होता.

मॅडमनी विचारलं, "काढून दिल्यावर तुला कोणी मारलं?"

"नाही मॅडम."

पण असं म्हणताना त्याने उजवीकडे बघितलं. पडद्याच्या बाहेर, तिकडे कोणीतरी उभं होतं. ते मी बघितलं, भाभींनी बघितलं, आणि सुदैवाने मॅडमनीही बघितलं. त्यांनी चष्मा नीट केला. "त्या खोलीत अबरारशिवाय जे कोणी आहेत त्यांनी बाहेर जावं. दार लावा. कॅमेरा जरा फिरवा, मला दार दिसू दे."

चित्र हललं, छत दिसलं, मग दार. ते लागलं. अबरार एकटा.

"आता सांग."

अन्सारभाई डोळे मिटून पुटपुटत होते.

"कानाखाली मारली," अबरार म्हणाला. "दोनदा. काठी आणायला सांगितली होती, पण तेवढ्यात मोठे साहेब आले. म्हणाले, कोर्टात अर्ज गेलाय, थांबा. मग काठी नाही आणली. गादी नेली. तेव्हापासून वेगळ्या खोलीत ठेवलंय. तिथे पट्टीपण नाही."

शुभांगी उभी राहिली आणि भराभर बोलायला लागली: डॉक्टर, तपासणी, अहवाल, मुलाखत पुन्हा सुरू करणं. सरकारी वकील सुरक्षेचं काहीतरी बोलले, आणि खरं सांगायचं तर ते बोलले त्यात चूक काही नव्हती. दाभण होता, तो काही कापूस नव्हता. मॅडमनी दोघांचं ऐकलं. मग म्हणाल्या, "वस्तू धोकादायक होती, ती काढली, योग्य केलं. ती कुठून आली हे वडिलांनी आपणहून येऊन सांगितलं. मग मुलाला मारायचं कारण मला कोणीतरी लेखी द्यावं. आजच सरकारी डॉक्टरांकडून तपासणी. गादी पुन्हा तपासून त्याला परत द्यावी, नीट, मशीन चार्ज करून. मुलाखत चालू. आणि ज्याने हात उचलला तो पुढच्या तारखेला इथे हजर राहील."

लिहून घेणारा लिहीत होता. तेवढ्यात कोर्टात एक हात वर झाला. शाळेतल्या मुलासारखा, अर्धाच. अन्सारभाईंचा. मला वाटलं, आता हे कोसळणार, म्हणून मी मागून सदरा धरून ठेवला.

"मॅडम, मी बाप आहे. एक विचारू त्याला?"

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "विचारा. थोडक्यात."

अन्सारभाई उभे राहिले. पडद्याकडे बघून म्हणाले, "बेटा, दोन्ही कानांनी ऐकू येतंय ना?"

"येतंय अब्बा."

"हळू बोललो तर?"

"तेही येतंय."

"मग ठीक आहे." आणि ते बसले.

पडदा काळा झाला. आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. भाभी भिंतीकडे तोंड करून रडल्या. मी पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. शुभांगी खूश होती. म्हणाली, "काका, गादी मिळाली, मुलाखत मिळाली. शनिवारी आत नेहमीची झडती झाली म्हणे; तुम्ही तिथे त्या दिवशी गेला नसता तर दाभण त्या झडतीत सापडला असता, आणि तेव्हा थांबवायला कोणाच्या हातात अर्ज नसता."

अन्सारभाईंनी ऐकलं की नाही कोण जाणे. "तो आता परत आतच जाणार ना? त्याच माणसाच्या समोरून?"

शुभांगीचा चेहरा उतरला. "हो काका. जामीन होईपर्यंत आतच."

"मग प्रत्येक तारखेला मॅडमना सांगा, हेच विचारायला. कोणी हात लावला का म्हणून. तो नाही म्हणाला तरी दार लावून परत विचारायला सांगा."

"मी सांगेन. पण काका, तुम्हीपण विचारू शकता. आज मॅडमनी तुम्हाला बोलू दिलं ना."

"मी?" अन्सारभाईंचा रंग पुन्हा गेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, भाभींकडे बघितलं, कोर्टाच्या दारातल्या पोलिसाकडे बघितलं आणि एक पाऊल माझ्या मागे सरकले. "दर वेळी? सगळ्यांसमोर?"

"दर वेळी," भाभी डोळे पुसत म्हणाल्या.

त्यांनी गळा साफ केला. दोनदा. हात सदऱ्याला पुसले.

"बरं," ते म्हणाले. "पुढची तारीख कधी आहे?"